ब्याटरीवर रुसलेला जवाई

माझ्या बहिणीचा नवरा अंगठीवर रुसला नाही, घड्याळावर रुसला नाही. तो ब्याटरीवर रुसला. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेवाने रुसायचं, भरल्या ताटापुढे हात बांधून बसायचं, आणि सासऱ्याने त्याच्या मनातली वस्तू आणून पुढ्यात ठेवली की मग पहिला घास मोडायचा, अशी रीत होती. वस्तू कोणती ते मध्यस्थाकरवी आधीच ठरलेलं असायचं, पण रुसवा सगळ्यांनी खरा मानायचा. आमचा मध्यस्थ म्हणजे गावातलाच एक बोलघेवडा म्हातारा. तो ओसरीवर बसून गुळाचा चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "जवाई ब्याटरी म्हंते."

"कायची ब्याटरी?" बाबांनी विचारलं.

"हातात धराची. बटन दाबलं का उजेड पडते, थे. मागच्या साली शिरपूरच्या रस्त्यानं येता येता त्याचा बैल मधातच बसला. कंदील वाऱ्यानं इझला. साप डसला का काय झालं, काई समजे ना. रातभर बैलाच्या उशाशी रडत बसला पोट्टा. सकाळी पाह्यते त खुरात बाभळीचा काटा! तवापासून म्हंते, सासऱ्यानं देलं त उजेड द्यावा."

बाबा खूप हसले. मग आत माझ्या मायला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आंगठी मांगणाऱ्यापेक्षा उजेड मांगणारा बरा. बैलासाठी रडला म्हंते. पोरीले नीट ठेवन."

त्या हंगामात बाबा कापसाची गाडी घेऊन कारंज्याला गेले ते ब्याटरी घेऊनच परतले. गाडीतून आधी गुळाची भेली निघाली, मग बैलांसाठी सरकीची पोती, मग मायसाठी बांगड्या, आणि सगळ्यात शेवटी बाबांनी स्वतःच्या उपरण्यात गुंडाळलेली ती वस्तू काढली. रुपेरी, अंगावर बारीक रेषा असलेली, हातात धरली तर मक्याच्या कणसासारखी भरीव लागणारी. दिवेलागणीला त्यांनी आम्हा सगळ्यांना ओसरीवर बसवलं, चिमणी फुंकायला लावली आणि बटन दाबलं. भिंतीवर भाकरीएवढा पांढरा गोल उमटला. आम्ही तोंडं वासून पाहत राहिलो. बाबा तो गोल हळूहळू आढ्याकडे नेऊ लागले, तशी माय एकदम ओरडली, "थांबवा, थांबवा तिथीसाच! पाह्यलं का, जाळे किती झाले? लग्नाचं घर म्हणाव का याले?" दुसऱ्या दिवशी सकाळपासून अख्खं घर झाडायला निघालं. चिमणीच्या उजेडात आमचं घर स्वच्छच होतं; इतकी वर्षं कोणाला काही दिसलं नव्हतं. पुढे आयुष्यात मला पुष्कळदा वाटलं आहे की जास्त उजेड घरात आणण्याआधी माणसाने जरा विचार करावा. पण ते राहू द्या.

ब्याटरीच्या पोटात दोन नळकांडी असायची. आजची पोरं त्यांना सेल म्हणतात, आमच्याकडे त्याला मसाला म्हणत. ब्याटरीत एक जोडी होती आणि बाबांनी आणखी एक नवी जोडी विकत आणली होती. हे सगळं मायच्या संदुकीत कुलूपबंद झालं. किल्ली मायच्या कमरेला. पण त्या संदुकीची मागची बिजागरी सैल होती, आणि हे घरात एकट्या मला माहीत होतं.

तो महिना घरात बायकांचं राज्य होतं. अंगणात बाजा टाकून त्यांवर कुरडया, सरगुंडे, पापड वाळत. गहू भिजवून आंबवल्याचा वास वाऱ्यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाई. सकाळी कुरडयांचा चीक शिजला की माय मला वाटीभर देई, वर तेल-तिखट घालून, आणि तो निवेपर्यंत मला थांबवत नसे; जिभेला चटका बसायचाच. माझी बहीण अन्सा — मी तिला बाई म्हणत असे, ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी — साच्याने कुरडया पाडत बसे आणि बाया तिला चिडवत. "अन्सा, गोल पाड वं, जवायाच्या ब्याटरीवानी!" ती मान वर करत नसे, पण तिचे कान लाल होत. बाई बोलायची कमी. मीही कमीच बोलायचो. आम्हा दोघा भावंडांचं जे काही बोलणं होई ते बहुतेक न बोलताच होई. मी काही उद्योग केला की ती नुसती माझ्याकडे पाहत राहायची आणि मी आपोआप सगळं कबूल करायचो. त्या महिन्यात मात्र तिला माझ्याकडे पाहायला वेळ नव्हता.

आणि मी उद्योगातच होतो. भरदुपारी सगळ्या बाया अंगणात असत तेव्हा मी बिजागरीतून हात घालून ब्याटरी काढायचो. विहिरीत उजेड टाकून पाहिला, तर तळाशी कासव दिसलं. ते विहिरीत आहे असं आजोबांच्या वेळेपासून नुसतं ऐकत होतो. कडब्याच्या गंजीच्या पोटात शिरून तळहाताआड उजेड धरला, तर बोटं पळसाच्या फुलासारखी लाल. मांजरीचे डोळे, घुबडाची ढोली, गोठ्याच्या आढ्यावरचे वाळवीचे रस्ते, सगळं पाहून झालं. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा भाकरीएवढा गोल वाळल्या लिंबाएवढा झाला होता, आणि पिवळा.

मी घाबरलो. मग मला उपाय सुचला, तो आमच्या घरात वाढलेल्या पोरालाच सुचू शकतो. आमच्याकडे ज्यात म्हणून ओल शिरली, कीड लागली, जोर गेला, त्या सगळ्याला ऊन दाखवायचे. गव्हाला ऊन, डाळीला ऊन, गोधडीला ऊन, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना ऊन. मग मसाल्याला का नाही? घराच्या सपाट धाब्यावर मिरच्या वाळत होत्या, त्यांच्याखाली मी ती दोन नळकांडी दडवली. आणि खरंच सांगतो, दोन दिवस ऊन खाऊन त्यांच्यात थोडी धुगधुगी आली.

इथवरचं माझ्या हातून झालं ते पोरपण म्हणून सोडून देता येईल. पण नंतर मी जे केलं ते पुरता विचार करून केलं. मला वाटलं, ही ब्याटरी आता जाणार. जाऊ द्या. पण तिच्यात ऊन खाल्लेला मसाला घातला तर ती चार दिवसांत बंद पडेल, जवाई वैतागून परत पाठवील, आणि मग नवा मसाला माझ्यापाशी आणि ब्याटरीही माझ्यापाशी. मी जुनी जोडी ब्याटरीत घातली, नवी जोडी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली. संदुकीत बाबांनी ठेवलेल्या नव्या जोडीच्या जागी मी काहीच ठेवलं नाही, कारण लग्नाच्या गडबडीत ती कोणी मोजायला येणार नाही हे मी ओळखलं होतं.

पंगतीत नवरदेव रुसला. नारळ आणि ब्याटरी ठेवलेलं ताट घेऊन जायचा मान माझा. नवरदेव म्हणजे आमचे भाऊजी, काळेसावळे, लांब हाताचे, डोळ्यांनीच हसणारे. त्यांनी ब्याटरी उचलली, मांडवाच्या आढ्याकडे धरून बटन दाबलं. गोल पडला! लोकांनी "अहाहा" केलं. भाऊजींनी लगेच बटन मिटलं आणि म्हणाले, "बस. बाकी रस्त्यासाठी ठेवू." त्या काटकसरीने मी त्या वेळी वाचलो.

बाईची पाठवणी उन्हं कलल्यावर झाली. नव्या नवरीबरोबर धाकट्या भावाने आणि एका वडीलधाऱ्या बाईने सासरपर्यंत जायचं असतं. मी होतो, आणि आमची दूरची मावशी होती, जिला दर अर्ध्या कोसाला पान लागे. आम्ही तिघं दमनीत, म्हणजे वर टप असलेल्या हलक्या गाडीत. बाईच्या डोळ्यांना पदर. माझ्या मांडीवर माझं गाठोडं, त्यात एक सदरा, बुंदीचे लाडू आणि तो मसाला. घरी ठेवला असता तर मायच्या हाती लागला असता.

कासरा धरला होता खुद्द बाईच्या सासऱ्याने. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई भारी गृहस्थ. आवाज मोठा, मिशा मोठ्या आणि बैलांच्या शर्यतीचा नाद त्याहून मोठा. भाऊजी त्यांच्या शेजारी बसले होते. वऱ्हाडाच्या बाकी गाड्या पुढे, मागे एकच, सगळ्यांच्या बैलांना घुंगरमाळा. गाव सुटलं न सुटलं तोच ती मागची गाडीही आमच्या बाजूने निघून पुढे गेली आणि त्यातला कोणी ओरडला, "काका, बैल म्हतारे झाले का तुमचे?"

"म्हतारे?" इवाई उभेच राहिले. "माह्या राजाले म्हतारा म्हंते! धरा बाई घट्ट!"

"अवं माय," मावशी म्हणाली, "माह्या तोंडात चुना हाय न!"

पुढचं मला घुंगरांचा आवाज, धूळ आणि मावशीच्या शिव्या एवढंच आठवतं. भाऊजी दोनदा म्हणाले, "बाबा, हळू. नाला हाय समोर." इवाई म्हणाले, "नाला मले सांगून राह्यला का तू?" आणि सांजावताना, रस्त्याच्या कडेचं हिरवं काळं दिसू लागलं होतं त्या वेळी, आम्ही नाल्यात उतरलो. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला जी लोखंडी खीळ असते ती उडाली, चाक बाहेर पडलं आणि दमनी एका बाजूवर बसली. मावशी माझ्या अंगावर, मी बाईच्या अंगावर. कंदिलाची काच फुटली, घासलेट वाळूत गेलं. बाकी गाड्या पुढे, त्यांच्या घुंगरांचा आवाज दूर दूर चालला होता. आमच्या हाका त्यांच्यापर्यंत पोचेनात.

राजा खाली पडला होता. जुवाला बैलाची मान बांधतात ती दोरी पिळली जाऊन त्याच्या गळ्याला आवळत होती, आणि तो घरघरू लागला. वर दोन्ही काठांना बाभळी, खाली काळोख. इवायांचा आवाज एकदम बदलला. ते भाऊजींना म्हणाले, "दिनू, इळा काढ. दोरी काप."

"दिसे ना बाबा. गळा कापला जाईन त्याचा."

"अरे मंग ब्याटरी काढ न!"

भाऊजींनी ब्याटरी काढली. बटन दाबलं. काचेत एक लाल तार दिसली, विडीच्या टोकाएवढी, आणि गेली. त्यांनी हलवली, तळहातावर आपटली, पुन्हा दाबली. काही नाही.

"वा!" इवाई ओरडले. "काय इवाई भेटला! चांगली चांदीवानी ब्याटरी, आन अंदर माती! मांडवात लोकायले दाखवाले उजेड, रस्त्यावर अंधार! असा फसवा माणूस मी नाई पाह्यला! पोरगीबी अशीच असन!"

राजा घरघरत होता. भाऊजी बैलाच्या मानेशी गुडघे टेकून बोटांनी दोरी चाचपत होते आणि "राजा, राजा, थांब बापू" म्हणत होते. मसाला माझ्या मांडीवर होता. मी फक्त हात पुढे करायचा होता.

तेव्हा बाईचा हात आला. अंधारात, हिरव्या बांगड्यांचा आवाज न करता, तो माझ्या गाठोड्यावर ठेवला गेला. तिने फडक्यावरून ती दोन नळकांडी चाचपली. तिला कळलं. तिने हात काढला नाही, पण गाठोडं ओढूनही घेतलं नाही. ती नुसती थांबली. ती माझ्याकडे पाहत असणार. काळोखात मला दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं. माझ्या बापाला फसवा म्हणत होते, तिला फसव्याची पोरगी म्हणत होते, बैल मरत होता. मी बोललो नाही. मार बसेल, पंचक्रोशीत चोर म्हणतील, एवढंच मला भेडसावत होतं. चोरीचं मला आज फारसं वाटत नाही. पोरं चोरी करतात. पण ती थांबली होती तेवढा वेळ मी गप्प बसलो, हे मी आजवर कागदावर लिहिलं नव्हतं.

मग बाई बोलली. लग्नाला अर्धा दिवस झालेली नवरी, सासऱ्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"मामाजी, मसाला हाय न. बाबानं नवा मसाला येगळा बांधून देला. अंदर राह्यला त पाझरते, ब्याटरी सडते म्हंत होते. मांडवापुरता जुना टाकला होता. घ्या." आणि तिने माझं गाठोडं सोडलं.

मग मावशी म्हणाली, "आता बोला, फसवा कोन थे!"

भाऊजींनी अंधारात मसाला घातला. आधी उलटा घातला, काढला, पुन्हा घातला. आणि उजेड पडला. पांढराशुभ्र, कोरा, न वापरलेला. त्या गोलात बैलाचा मोठा ओला डोळा दिसला, दोरीचा पीळ दिसला, विळ्याचं पातं दिसलं. कच्चकन दोरी तुटली, राजा धडपडत उठला आणि जोराने फुरफुरला, तसे इवाई त्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले. मग डोळे पुसून त्यांनी ब्याटरी हाती घेतली, वाळूवर फिरवली, आणि चार हातांवर खीळ लखकन चमकली. "पाह्यलं?" ते आम्हा सगळ्यांना म्हणाले. "इवाई म्हणजे लय दूरचा इचार करनारा माणूस! मी काय म्हणून राह्यलो होतो मंगापासून?"

"तुमी काय म्हणून राह्यले होते थे सारा नाला सांगन," मावशी म्हणाली आणि तिने नवीन पान लावलं.

घरी पोचलो तर दारातच इवायांनी सगळ्या वऱ्हाडाला ही हकीगत ऐकवली. शर्यतीचा भाग गाळून. सून किती हुशार, किती धीराची, हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. माप ओलांडायच्या आधी बाई त्या घरात शहाणी ठरली. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती चुलीपाशी होती. मला तिने भाकर-ठेचा बांधून दिला आणि हळूच म्हणाली, "पहिल्याच दिवशी खोटं बोलाले लावलं तू मले. आता लोक शहाणी म्हणून राह्यले. जन्मभर शहाणंच राहा लागन." ती हसली, पण डोळ्यांनी नाही. मी मान खाली घालून शिदोरी घेतली.

पुढे इवाई आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी बाबांचे हात धरून आभार मानले. "मसाला येगळा ठेवाची तुमची रीत लय भारी!" बाबांनी अशी रीत जन्मात ऐकली नव्हती. ते इवायांकडे पाहत राहिले, मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, तिथे जरा थांबली. मग ते मिशीवर हात फिरवून म्हणाले, "हो. आमच्या घरी हेच शिकवलं पोरायले." त्यांनी मला कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तेही मसाला वेगळा ठेवू लागले, आणि ज्याला त्याला सांगू लागले. दोन्ही घरं, दोन्ही घरांचे भाऊबंद, सोयरे, सगळे. ब्याटरी कोनाड्यात, मसाला संदुकीत. त्यामुळे आमच्या गोतात गाडी कुठेही अडली, विंचू निघाला, गाय व्यायला लागली, की आधी अंधारात मसाला शोधायचा, मग तो उलटा घालायचा, मग सुलटा घालायचा, तोवर विंचू दुसऱ्या खोलीत. रस्त्याला निघणाऱ्या माणसाजवळ चांगली ब्याटरी असावी, हे आमच्याइतकं कोणाला पटलेलं नव्हतं, आणि ती आमच्याइतकी उशिरा कोणाची पेटत नव्हती. लोक हसत. मीही हसायचो. नाल्याची गोष्ट निघाली की मात्र मी पाणी प्यायला उठायचो.

बाबा गेले, इवाई गेले, मावशी तोंडात पान धरूनच गेली. यंदा दिवाळीला मी बाईकडे होतो. सांज झाली होती आणि तिचा थोरला मुलगा बायकोला घेऊन कामरगावला सासुरवाडीला निघाला होता. गाडी जुंपलेली, सून गाडीत, आणि हा गडी घरात मसाला शोधतोय. एक सापडला, दुसरा हातातून सुटून बाजेखाली गेला. "आईची रीत हाय मामा," तो बाजेखालून म्हणाला. "अंदर राह्यला त सडते."

"नाई सडत," मी म्हणालो.

भाऊजी बाजेवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं होतं की शब्द सापडणार नाहीत. पण ते तयारच होते, इतकी वर्षं. मी उभं राहूनच सगळं सांगितलं. बिजागरी, विहिरीतलं कासव, मिरच्यांखालचा मसाला, गाठोडं. बाबांनी वेगळं काही बांधून दिलं नव्हतं, हेही. आणि तिचा हात गाठोड्यावर होता तेवढा वेळ मी गप्प बसलो, हेही.

भाऊजींना असं हसू फुटलं की खोकला लागला. "म्हंजे," ते ठसक्यातून म्हणाले, "आमी इतके साल अंधारात मसाला चाचपून राह्यलो, थे तुह्यापायी?" पोरगा बाजेखाली हसत होता, सून गाडीतून "काय झालं, काय झालं" विचारत होती.

बाई हसली नाही. ती पदराला हात पुसत चुलीपासून उठून आली, खाली वाकून बाजेखालचा मसाला तिने स्वतः काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लय येळ लावला, नामू," ती म्हणाली.

मग तिने पोराच्या हातातून ब्याटरी घेतली, एक घातला, दुसरा घातला, झाकण फिरवून घट्ट लावलं आणि ती त्याच्या हातात दिली. "जाय आता," ती म्हणाली. "आन पुना काढू नोको त्याले अंदरून."